माच्चा आणि मिठाईसाठी जपानी चहाघरात जाताना

जपानी चहाघरात आपण बसलो की आधी मिठाई येते आणि चहा मागाहून. मधल्या तीन-चार मिनिटांत नवखा पाहुणा बहुधा हात मांडीवर ठेवून चहाची वाट पाहत राहतो, कारण गोड पदार्थ चहाच्या सोबतीने खायचा असतो ही समजूत त्याच्या मनात पक्की असते. पहिल्या खेपेस माझेही तेच झाले. एका बागेतल्या चहाघरात मी तळ्याकडे तोंड करून बसले होते. पांढऱ्या कागदावर ठेवलेली गुलाबी मिठाई मी चहासाठी राखून ठेवली आणि वाडगा आल्यावर एक घोट चहा, मिठाईचा एक तुकडा, मग तळ्याचे एक छायाचित्र अशा क्रमाने दहा-बारा मिनिटे घालवली. शेवटी वाडग्याच्या तळाशी उरला तो गार झालेला, हिरवा, रवाळ गाळ. शेजारी बसलेल्या आजीबाई एक शब्दही बोलल्या नाहीत, परंतु त्यांची मिठाई आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून ती हलकेच वर उचलून दाखवली, चार तुकड्यांत संपवली आणि मगच वाडग्याला हात लावला. शिकवणी एवढीच होती आणि ती पुरेशी होती.

कारण अगदी साधे आहे. आपल्या नेहमीच्या चहात पानांचा अर्क पाण्यात उतरतो आणि पाने गाळून बाजूला काढली जातात. माच्चामध्ये मात्र वाळवलेल्या पानांची पूडच पाण्यात घुसळलेली असते आणि ती विरघळत नाही. फेस जिरला की पूड खाली बसू लागते, म्हणून चहा समोर आला की दोन-तीन मिनिटांत संपवावा लागतो, आणि मिठाई त्याआधीच खाऊन झालेली असावी लागते. माच्चात साखरही नसते आणि दूधही नसते. तोंडात आधीपासून रेंगाळणारा गोडवा हीच त्याची साखर होय. चहाघरातल्या बहुतेक रिवाजांमागे असेच एखादे व्यावहारिक कारण असते आणि ते एकदा कळले की रिवाज पाठ करण्याची गरज उरत नाही, म्हणून पुढे शक्य तेथे कारणासकट सांगितले आहे.

कोणत्या प्रकारच्या ठिकाणी जावे

‘चहाघर’ हा शब्द जपानमध्ये थोडा फसवा आहे. क्योतोच्या गिओन भागातील ‘ओचाया’ या नावाचा शब्दशः अर्थ चहाचे घर असाच होतो, पण तेथे गेइको (क्योतोतील गेइशा) आणि माइको (त्यांच्या शिकाऊ मुली) यांच्या नृत्य-गायनाच्या बैठकी होतात आणि ओळखीच्या माणसाच्या शिफारशीवाचून बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळत नाही. कानाझावा शहरातील हिगाशी चाया ही पेठही मूळची त्याच व्यवसायाची आहे. तेथील १८२० मध्ये बांधलेले ‘शिमा’ हे घर आज वास्तुसंग्रहालय म्हणून खुले आहे आणि त्याला लागून असलेल्या खोलीत बाग पाहत माच्चा घेता येतो, हा सुखद अपवाद म्हणावा लागेल. ‘किस्सातेन’ म्हणजे कॉफी मिळणारे जुन्या वळणाचे उपाहारगृह. ‘कानमिदोकोरो’ म्हणजे गोड पदार्थांचे दुकान, जेथे माच्चाही बहुधा मिळतो. चहाच्या विधीसाठी खास बांधलेल्या खोलीला ‘चाशित्सु’ म्हणतात. नकाशावर शोधताना एवढा फरक ध्यानात असला, तर पायपीट वाचते.

पहिल्या भेटीसाठी सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे एखाद्या ऐतिहासिक बागेतील किंवा मंदिराच्या आवारातील चहाघर. तेथे बहुधा आगाऊ नोंदणी लागत नाही, चहा आतल्या बाजूला तयार होऊन येतो, आणि अवघडलेल्या परदेशी पाहुण्यांची तेथील लोकांना सवय असते. तोक्योमधील हामा-रिक्यू उद्यानाचे प्रवेशशुल्क ३०० येन आहे. आतील तळ्यात समुद्राचे पाणी भरती-ओहोटीनुसार चढते-उतरते आणि त्या तळ्याच्या मधोमध, लाकडी पुलाने जोडलेल्या बेटावर, नाकाजिमा हे चहाघर आहे. कामाकुरा येथील होकोकुजी या झेन मंदिरात बांबूच्या बनाकडे तोंड करून चहा घेता येतो. तेथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी: प्रवेशाचे तिकीट काढतानाच चहाचे तिकीट मागून घ्यावे, नाहीतर बनात पोहोचून पुन्हा दारापर्यंत हेलपाटा पडतो. कानाझावाच्या केनरोकुएन बागेतील शिगुरे-तेई, ताकामात्सुच्या रित्सुरिन बागेतील किकुगेत्सु-तेई आणि क्योतोतील मुरिन-आन ही ठिकाणेही याच जातीची आहेत. चहाचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या उजी येथे ब्योदो-इन मंदिराजवळ नदीकाठी ताइहो-आन नावाचे चहाघर खुद्द नगरपालिका चालवते. तेथे खऱ्या चाशित्सुमध्ये, यजमानाने आपल्यासमोर केलेला चहा माफक दरात मिळतो, त्यामुळे विधीची चुणूक पाहायची असेल तर मी आधी तेथेच जाण्यास सुचवेन.

दुसरा पर्याय मिठाईच्या जुन्या दुकानांचा. ज्याला चहापेक्षा मिठाईत अधिक रस आहे, त्याने हाच पर्याय निवडावा. क्योतोमध्ये १८०३ पासून चालत आलेल्या त्सुरुया योशिनोबु या दुकानाच्या मुख्य शाखेत वरच्या मजल्यावर एक बैठक आहे. तेथे आपण ऋतूनुसार मिठाई निवडतो, कारागीर समोर बसून ती घडवतो आणि मग तीच माच्चासोबत आपल्या पुढ्यात येते. पश्चिमेकडील मात्सुए शहरही मिठाईसाठी क्योतो आणि कानाझावा यांच्या पंक्तीला बसवले जाते. त्याचे श्रेय तेथील सातवे सरदार मात्सुदाइरा फुमाइ (१७५१–१८१८) यांच्या चहाच्या छंदाला दिले जाते, आणि त्यांनी १७७९ मध्ये बांधवून घेतलेल्या मेइमेइ-आन या चहाघराच्या आवारात आजही माच्चा मिळतो.

तिसरा पर्याय म्हणजे पूर्ण विधी. ‘चाजी’ नावाची संपूर्ण बैठक भोजन, दाट चहा आणि पातळ चहा यांसह सुमारे चार तास चालते. निमंत्रणावाचून ती घडत नाही आणि पहिल्याच भेटीत ती घडूही नये. पर्यटकांसाठी पाऊण-एक तासाची छोटी प्रात्यक्षिके बऱ्याच शहरांत होतात. त्यांसाठी मात्र आगाऊ नोंदणी करावी लागते.

जाण्यापूर्वी

बागेतील चहाघरे लवकर मिटतात. बाग पाच वाजेपर्यंत खुली असली, तरी चहाची शेवटची मागणी अनेक ठिकाणी साडेतीन-चारच्या सुमारास घेतली जाते, म्हणून दुपारच्या जेवणानंतर लगेच जाणे बरे. अगदी रिकाम्या पोटी माच्चा घेऊ नये. पानांची पूडच पोटात जात असल्यामुळे त्यातील कॅफिन जाणवण्याइतके असते. चहा आणि मिठाई मिळून ठिकाणानुसार साधारण ६०० ते १,२०० येन लागतात. रोख रक्कम सुट्या नाण्यांसह जवळ असावी, कारण मंदिरांत कार्ड चालेलच याची खात्री देता येत नाही.

कपड्यांविषयी फार काळजी करण्याचे कारण नाही. किमोनोची अपेक्षा कोणी करत नाही. गुडघ्यांवर बसावे लागेल एवढे लक्षात ठेवून सैल कपडे घालावेत. मोजे मात्र विसरू नयेत. तातामी म्हणजे इगुसा नावाच्या गवताने विणलेली जाड चटई; तिच्यावर अनवाणी पायांचा घाम मुरतो आणि डाग राहतो. उन्हाळ्यात चपला घालून फिरणाऱ्याने मोज्यांचा स्वच्छ जोड पिशवीत ठेवावा आणि दारात चढवावा. अंगठ्या, कडी, बांगड्या आणि मनगटी घड्याळ बसण्यापूर्वी काढून ठेवावे, कारण हातात येणारा वाडगा कित्येकदा यजमानाच्या दोन-तीन पिढ्यांनी जपलेला असतो आणि धातूचा एक ओरखडाही त्यावर कायमचा राहतो. अत्तर टाळावे. चहाचा गंध मंद असतो, आणि छोट्या खोलीत एकाचे अत्तर सर्वांच्या वाडग्यात उतरते.

आत जाताना

खऱ्या चाशित्सुकडे जाणारी बागेतील वाट ठरावीक दगडांवरून जाते. एखाद्या दगडावर काळ्या दोरीने चौकडीसारखा बांधलेला छोटा गोटा दिसला, तर ती वाट बंद आहे असे समजावे आणि दुसरी धरावी. तो गोटा शोभेसाठी ठेवलेला नसतो आणि तो उचलून पाहायचाही नसतो. वाटेत पाण्याची दगडी कुंडी असल्यास पळीने आधी डाव्या आणि मग उजव्या हातावर पाणी घ्यावे, ओंजळीत थोडे घेऊन चूळ भरावी, आणि उरलेले पाणी पळी उभी धरून तिच्या दांड्यावरून ओघळू द्यावे, म्हणजे पुढच्या माणसाच्या हाती धुतलेला दांडा येतो.

काही चाशित्सुंमध्ये पाहुण्यांचे दार सुमारे ६६ सेंटिमीटर उंचीचे आणि त्याहून थोडे कमी रुंदीचे असते. त्याला ‘निजिरिगुची’ म्हणतात. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूच्या नावाशी ही रचना जोडली जाते. तलवार बाहेर ठेवल्यावाचून आणि मान वाकवल्यावाचून सामुराईलाही त्यातून आत येता येत नसे. आत जाण्याची युक्ती अशी: दारासमोर गुडघ्यांवर बसावे, दोन्ही मुठी आतल्या चटईवर टेकवाव्यात, डोके खाली घालून गुडघे पुढे सरकवावेत आणि आत गेल्यावर वळून आपले जोडे भिंतीला टेकवून उभे ठेवावेत. धडपडण्याची भीती वाटत असेल तर आधी डोके आणि मग बाकीचे शरीर, एवढेच ध्यानात ठेवावे. उलटे करणाऱ्याचा कपाळमोक्ष ठरलेला. बागेतल्या साध्या चहाघरांत असे दार नसते. तेथे जोडे काढून सरळ आत जायचे असते.

आत चालताना उंबरठ्यावर आणि तातामीच्या कापडी काठावर पाय देऊ नये. काठ झिजला की पूर्ण चटईची बांधणी सैल होते, शिवाय कोणी कोठे बसायचे आणि वस्तू कोठे मांडायच्या हे त्या काठांवरूनच ठरते. भिंतीतील उंच कोनाडा, म्हणजे ‘तोकोनोमा’, ही खोलीतील सर्वांत मानाची जागा होय. तेथे एक लांबट लेखपट टांगलेला असतो आणि बहुधा एखादेच फूल ठेवलेले असते. त्या कोनाड्यात पाय ठेवू नये आणि पिशवी तर मुळीच ठेवू नये. त्याच्या अगदी लगतची बैठक मुख्य पाहुण्याची असते आणि विधीतील प्रश्नोत्तरे त्यानेच करायची असतात, तेव्हा विधीचा अनुभव नसल्यास मधली जागा पकडावी. शेवटची जागाही मोकळी दिसते म्हणून घेऊ नये. भांडी परत पोहोचवण्याचे काम शेवटच्या पाहुण्याकडे येते.

बसण्याची रीत ‘सेइझा’ म्हणजे सरळसरळ आपले वज्रासन. ज्याला त्याची सवय आहे त्याने पहिली दहा मिनिटे खुशाल तसे बसावे. पायांना मुंग्या येऊ लागल्यावर चेहरा वाकडा करत बसून राहण्यापेक्षा ‘आशी ओ कुझुशितेमो ई देसु का’, म्हणजे ‘पाय सैल सोडले तर चालेल का’, असे विचारावे. नकार मिळत नाही. मांडी घालावी किंवा पाय एका बाजूला घ्यावेत, पण ते कोणाच्या दिशेने पसरू नयेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी टेबल-खुर्चीची सोय असलेले ठिकाण आधीच शोधावे. ही सोय अलीकडची तडजोड आहे असे समजू नये. क्योतोतील १८७२ च्या प्रदर्शनाला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी चहाविधी शिकवणाऱ्या उरासेन्के घराण्याचे अकरावे प्रमुख गेंगेन्साई यांनी स्टुलावर बसून चहा करण्याची पद्धत बसवली आणि ती तेव्हापासून विधीचा मान्य भाग आहे.

मिठाई

वागाशी, म्हणजे जपानी मिठाई, मुख्यतः डाळवर्गीय दाणे, तांदूळ आणि साखर यांतून घडते. अझुकी या लाल दाण्यांचे किंवा पांढऱ्या घेवड्यासारख्या दाण्यांचे शिजवून, वाटून, साखर घालून आटवलेले सारण म्हणजे ‘आन’. पुरणावर वाढलेल्या माणसाला पहिल्या घासातच ओळखीचे वाटणारे आणि वेलची-जायफळ कोठे गेले असे विचारायला लावणारे. माच्चाबरोबर येणाऱ्या मिठाईचे दोन वर्ग आहेत. ओलसर ती ‘ओमोगाशी’ आणि कोरडी ती ‘हिगाशी’. पूर्ण विधीत दाट चहाआधी ओलसर आणि पातळ चहाआधी कोरडी असा नेम असतो. बागांतील चहाघरे तो नेम सैल करून पातळ चहाबरोबरही ओलसर मिठाई देतात, आणि पाहुण्यांची त्याबद्दल काहीच तक्रार नसते.

ओलसर मिठाईतील सर्वांत देखणी म्हणजे ‘नेरिकिरी’. पांढऱ्या आनमध्ये ग्युही नावाची चिकट तांदळाची मळलेली उकड मिसळून तिचा मऊ गोळा करतात, त्यात रंगाची फिकट छटा सोडतात, आत लाल आन भरतात आणि लाकडी त्रिकोणी पट्टीच्या कडेने पाकळ्या उमटवतात. कारागिराच्या हातांकडे पाहिले तर जाणवते की गोळा तळहातावर सतत फिरत असतो आणि पट्टी जवळजवळ स्थिर असते. प्रत्येक पाकळीसाठी पट्टी एकदाच टेकते, आणि चुकलेली रेघ पुसता येत नाही. ‘किनतोन’ या प्रकारात रंगीत आन चाळणीतून दाबून त्याच्या शेवया पाडतात आणि टोकदार काड्यांनी त्या एकेक करून गोळ्याभोवती लावतात, त्यामुळे तो लांबून शेवाळ चढलेल्या दगडासारखा किंवा मोहरलेल्या झुडपासारखा दिसतो.

ऋतू चुकवून मिठाई मागू नये, कारण ती मिळणार नाही. जानेवारीत ‘हानाबिरा मोची’ येते. चिकट तांदळापासून केलेल्या पांढऱ्या मोचीच्या घडीत गोड मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे, सारण आणि बाहेर डोकावणारी गोबो या मुळाची काडी. चव पहिल्यांदा बुचकळ्यात पाडते आणि दुसऱ्या घासाला आवडते. वसंतात ‘साकुरा मोची’. तोक्योकडे ती पातळ धिरड्यात गुंडाळलेली असते, तर क्योतो-ओसाकाकडे जाडसर भरडलेल्या चिकट तांदळाची. दोन्हींवरचे खारवलेले चेरीचे पान खाता येते. मे महिन्यातील ‘काशिवा मोची’वरचे ओकचे पान मात्र खायचे नसते, ते काढून ठेवावे. तीस जूनला क्योतोमध्ये ‘मिनाझुकी’ खातात, म्हणजे बर्फाच्या तुकड्याची आठवण देणारा पांढरा त्रिकोण आणि त्यावर अझुकीचे दाणे. पुढे उन्हाळाभर कुझु या कंदाच्या सत्त्वाच्या पारदर्शक मिठाया येतात, आणि शरदात चेस्टनटच्या व मेपलच्या पानांच्या आकाराच्या. प्रत्येक चांगल्या मिठाईला स्वतःचे नाव असते आणि ते बहुधा एखाद्या ऋतुदृश्यावरून किंवा जुन्या कवितेवरून ठेवलेले असते. ‘ओकाशी नो गोमेइ वा’ असे विचारले की यजमान ते सांगतो. समोरचा निळसर गोळा ‘पहाटेचे दव’ आहे असे कळल्यावर तो वेगळाच दिसू लागतो.

खाण्याची रीत अशी. मिठाई स्वतंत्र बशीत आली असेल, तर बशी किंवा कागद उचलून छातीजवळ धरावा. सोबत ‘कुरोमोजी’ नावाची, एका बाजूला साल राखलेली सुगंधी लाकडी काडी येते. तिने मिठाईचे तीन-चार तुकडे करावेत आणि एक तुकडा एका घासात खावा. आधी सगळे तुकडे करून ठेवू नयेत, एक कापावा आणि एक खावा. नेरिकिरीचे आन मऊ असते आणि सगळे एकदम कापल्यास बशीत नुसता चुरा उरतो. काडीने न कापली जाणारी चिवट मोची कागदासकट उचलून चावावी. कोरडी मिठाई हातानेच खायची. शिकोकु बेटावरील तोकुशिमा आणि कागावा येथे बनणाऱ्या वासानबोन या अतिबारीक साखरेची, लाकडी साच्यातून काढलेली बोराएवढी फुले किंवा पाने जिभेवर ठेवली की आपोआप विरतात. ती कडकडून चावण्यात अर्थ नाही.

सर्वांसाठी एकच भांडे फिरत आले, तर ते आपल्या आणि पुढच्या पाहुण्याच्या मध्ये ठेवून त्याला ‘ओसाकी नी’, म्हणजे ‘तुमच्या आधी घेतो’, असे म्हणत किंचित वाकावे. मग आपल्या कागदावर, म्हणजे ‘काइशी’वर, भांड्यासोबतच्या काड्यांनी एक मिठाई काढून घ्यावी, काड्यांची टोके कागदाच्या कोपऱ्याला पुसावीत आणि भांडे पुढे सरकवावे. अशा बैठकीला जाणार असल्यास काइशीची छोटी घडी विकत घ्यावी. उरलेला चुराही त्यातच गुंडाळून सोबत नेता येतो.

अंडी न खाणाऱ्यांनी थोडी चौकशी करावी. नेरिकिरी, किनतोन, मोची आणि योकान (आनची घट्ट वडी) यांत साधारणपणे अंडे नसते, आणि योकान घट्ट होते ते कानतेन या समुद्री शैवालापासून काढलेल्या द्रव्यामुळे. दोरायाकी (दोन जाड धिरड्यांत भरलेले आन), कासुतेरा (स्पंज केक) आणि काही मान्जूंमध्ये (आन भरलेल्या पिठाच्या गोळ्यांत) मात्र अंडे असते. नव्या पद्धतीच्या जेलीसारख्या पदार्थांत जिलेटिन असण्याची शक्यता असते. ‘तामागो वा हाइत्ते इमासु का’, म्हणजे ‘यात अंडे आहे का’, हे वाक्य कागदावर लिहून नेले तरी काम होते.

चहा

समोर येणारा चहा बहुतेक वेळा ‘उसुचा’, म्हणजे पातळ माच्चा असतो. सुमारे दोन ग्रॅम पूड, ६०-७० मिलिलिटर पाणी, आणि तेही उकळते नव्हे तर ८० अंशांच्या आसपास. चासेन नावाच्या बांबूच्या छोट्या रवीने तो घुसळतात. ही रवी बांबूच्या एकाच कांड्याचे टोक बारीक चिरून बनवलेली असते आणि नारा प्रांतातील ताकायामा हे गाव त्यासाठीच ओळखले जाते. पुडीच्या किमतीबद्दल कोणी कुरकुरत असेल तर त्याला जात्याची गोष्ट सांगावी. पाने खुडण्यापूर्वी सुमारे तीन आठवडे झाडांवर आच्छादन घालून ऊन अडवतात, खुडलेली पाने वाफवून, न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात आणि मग दगडी जात्यावर दळतात. असे एक जाते तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम पूड देते. दाट चहाला ‘कोइचा’ म्हणतात. त्यात माणशी दुप्पट पूड आणि कमी पाणी असते, तो घुसळण्याऐवजी घोटावा लागतो, आणि चव इतकी उग्र असते की पहिल्या दिवशी त्याच्या वाटेला न जाणे चांगले.

वाडगा आपल्यापुढे ठेवला जातो तेव्हा त्याची दर्शनी बाजू आपल्याकडे असते. यजमानाला ‘ओतेमाए चोदाई इताशिमासु’, म्हणजे ‘आपण केलेला चहा घेतो’, असे म्हणावे; ते जिभेवर बसत नसेल तर ‘इतादाकिमासु’ पुरते. उजव्या हाताने वाडगा उचलून डाव्या तळहातावर ठेवावा, उजवा हात बाजूला लावावा आणि वाडगा किंचित उंचावून मान लववावी. मग तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दोन छोट्या वळशांत फिरवावा. यजमानाने आपली सर्वांत सुंदर बाजू पाहुण्याला दाखवली, आणि पाहुणा त्या बाजूला ओठ लावण्याचे टाळतो. फिरवण्यामागे एवढेच आहे. किती अंश फिरवले याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तीन-साडेतीन घोटांत चहा संपवावा आणि शेवटचा घोट स्पष्ट ऐकू येईल असा भुरका मारून ओढावा. येथे भुरका असभ्य नाही. चहा तळापर्यंत प्यालो हे त्याने यजमानाला कळते, आणि कडेला चिकटलेला फेसही त्यासोबत ओढला जातो. ओठ लागलेली जागा उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने पुसावी, बोटे कागदाला टिपावीत, वाडगा उलट दिशेने फिरवून दर्शनी बाजू पुन्हा आपल्याकडे आणावी आणि खाली ठेवावा. वाडग्यात फेसाचा जाड थर असला म्हणजेच चहा चांगला झाला असे मानू नये. उरासेन्के घराण्याच्या पद्धतीत सगळा पृष्ठभाग फेसाने झाकतात, तर ओमोतेसेन्के पद्धतीत फेस कमी ठेवून हिरव्या चहाचा थोडा भाग मोकळा सोडतात.

आता घाई नाही. वाडगा पाहावा, मात्र कोपर मांडीला टेकवून आणि वाडगा चटईच्या अगदी जवळ धरून, म्हणजे निसटला तरी फुटणार नाही. उन्हाळ्यात तो पसरट असेल, चहा लवकर निवावा म्हणून. कडाक्याच्या थंडीत उभट आणि खोल, ऊब टिकावी म्हणून. उलटा करून बुडाकडेही पाहता येते. तेथे झिलई संपून मातीचा खरा रंग दिसतो आणि कित्येकदा कुंभाराची मुद्राही सापडते.

छायाचित्रांविषयी प्रत्येक ठिकाणाचा नियम निराळा असतो. ‘शाशिन ओ तोत्तेमो ई देसु का’ असे विचारून घ्यावे. मिठाईचे छायाचित्र ती येताच काढावे, पण चहाच्या बाबतीत एक-दोन टिपून हात आवरता घ्यावा. गाळाचा किस्सा वर सांगितलाच आहे. यजमान चहा करत असताना लेखपटाविषयी, फुलाविषयी किंवा वाडग्याविषयी विचारलेले चालते. फोन बंद असावा.

निघताना

उठण्यापूर्वी पायांत रक्त परत येऊ द्यावे. टाचा उभ्या करून पायाच्या बोटांवर क्षणभर बसले की मुंग्या उतरतात. हे न करता ताडकन उठणारा पाहुणा शेजारच्याच्या अंगावर कोसळतो, आणि चहाघरातील बायका ते हसू दाबण्यात फार सरावलेल्या असतात. ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणून मान लववावी. बक्षिशी ठेवण्याची प्रथा जपानमध्ये नाही. टेबलावर ठेवलेली नाणी विसरलेली समजून कोणीतरी तुमच्यामागे धावत येईल.

खाल्लेली मिठाई आवडली असेल तर ती कोणत्या दुकानातून येते हे विचारावे, कारण मंदिरे आणि बागा ती बहुधा गावातल्याच एखाद्या मिठाईवाल्याकडून मागवतात. मात्र ओलसर मिठाई त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी लागते. लांबच्या प्रवासासाठी वासानबोनची कोरडी मिठाई किंवा बंद वेष्टनातील योकान घ्यावे, आणि माच्चाची पूड घेतल्यास डबा फोडल्यावर ती थंड जागी, उजेडापासून दूर ठेवून महिनाभरात वापरावी. हवा लागली की तिचा हिरवा रंग आधी पिवळट पडतो आणि वासही त्यामागोमाग उतरतो.

दारात आलात की जोडे नीट पाहा. आत येताना ते वेडेवाकडे काढले असले, तरी आता त्यांची टोके बाहेरच्या दिशेला वळवून, जोडीने सरळ लावून ठेवलेले असतात. ते कोणी आणि केव्हा केले हे सहसा दिसत नाही.